डबक्याला नंबर देणारे भावोजी

जगातल्या प्रत्येक वस्तूला नंबर असतो, आणि ज्या वस्तूला नसतो तिच्यावर तो टाकायचा फक्त राहून गेलेला असतो, असं मनापासून मानणारा माणूस आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघाला. हे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ. माझ्याहून चांगले नऊ वर्षांनी मोठे, पण माझ्या नवऱ्याहून सहा महिन्यांनी लहान. तेवढ्या सहा महिन्यांच्या जोरावर मी त्यांची वहिनी आणि ते माझे भावोजी. आमच्या वाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा आहे, उघडं, सपाट, उन्हात तव्यासारखं तापणारं पठार. त्या सड्यावर आंब्याचा पल्प काढून डबाबंद करायचा कारखाना आहे. तिथे भावोजी तीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि मी डिस्पॅचला क्लार्क आहे, अजूनही. म्हणजे घरी नातं, ऑफिसात नातं, मधल्या उतारावर चालतानाही नातं. मला ह्या माणसापासून सुटका अशी कधी मिळालीच नाही, आणि मागच्या वर्षी जे काही झालं त्यानंतर ती नको वाटायला लागली, हे आधीच कबूल करून टाकते.

त्यांच्या टेबलाखाली पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा आणि बारीक केसांचा ब्रश कायम तयार असे. कारखान्यात नवी वस्तू आली की तिची पूजा व्हायच्या आधी भावोजी तिला उताणी करून तिच्या पोटावर नंबर घालत. खुर्च्या, पंखे, बादल्या, वजनकाटे, पाण्याचा पिंप, सगळ्यांना नंबर आणि सगळ्यांची नोंद त्या जाडजूड डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. स्वागतकक्षातल्या गणपतीच्या तसबिरीलासुद्धा त्यांनी सोडलं नाही. आधी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि मग तसबीर उलटी करून मागे नंबर घातला. 'त्याला राग नाही येणार वहिनी,' मला म्हणाले, 'तो विद्येचा देव आहे, त्याला नोंदीचं महत्त्व कळतं.' स्टोअरमध्ये एक मांजर येऊन राहिलं होतं, तेही रजिस्टरमध्ये होतं. 'मांजर, एक, करडं, उंदरांसाठी.' तिला पिल्लं झाली तेव्हा भावोजींनी एकचे पाच केले आणि शेजारी बारीक अक्षरात 'अंतर्गत वाढ' असं लिहून सही केली.

घरी तरी माणूस सैल होईल की नाही? नाव नको. एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण होता म्हणून माझी नारळ खवायची विळी नेली. तिसऱ्या दिवशी परत आणून दिली ती चिठ्ठीसकट. 'विळी एक, पातं एक, धार पूर्ववत, लाकडाला जुनी चीर एक.' आणि खाली मी सही करायची होती, 'मिळाली' म्हणून. मी हातातली कणीक झटकत म्हटलं, 'भावोजी, माझ्याच विळीसाठी मीच सही करू?' तर म्हणाले, 'मग उद्या तुम्ही विळी मागायला आलात तर मी काय दाखवू?' माझी जाऊ बिचारी ह्या माणसाबरोबर कशी नांदली देव जाणे. ती सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा पंधरा दिवस माहेरी राहून परत आली, तर ह्यांनी एसटी स्टँडवर तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, 'सुस्थितीत ना?' ती तेव्हा रागावली होती. आता हसते.

पण ह्या सगळ्यापेक्षा भारी होता तो त्यांचा फॉर्म. नंबर असलेली कुठलीही वस्तू मोडीत काढायची, हलवायची किंवा टाकून द्यायची तर एक कागद भरावा लागे. वस्तूचं नाव, नंबर, अवस्था, बदली वस्तू मिळते काय, आणि शेवटी एक ओळ, 'ही वस्तू मला यापुढे लागत नाही', त्याखाली ती वस्तू रोज वापरणाऱ्याची सही. साहेबाची नाही, वापरणाऱ्याची. झाडू असेल तर झाडूवाल्या मावशींची. भावोजी म्हणत, साहेबाला काय कळतंय झाडू अजून चालतो की नाही ते! हा नियम त्यांनी तरुणपणी स्वतः घातला आणि कारखान्याच्या मालकांनी तेव्हा हसत हसत मंजूर केला. पुढे खुद्द मालकांच्या खुर्चीचा पाय मोडला. मालक मुंबईला. सही कोण करणार? ती तीन पायांची खुर्ची आठ महिने व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मालक आले, सही केली, तेव्हा कुठे ती भंगारात गेली. मालकांनी त्यांना त्यासाठी झापलं असेल असं आम्हाला वाटलं होतं, पण उलट त्या वर्षी दिवाळीला भावोजींना मिठाईचा मोठा पुडा आला.

असा हा माणूस यथावकाश रिटायर झाला. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकतोय न टाकतोय तोच परदेशातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. आमचा पल्प जे विकत घेतात त्यांना आता नुसता पल्प नको होता, सस्टेनेबिलिटी रिपोर्टही हवा होता. तुमचा कारखाना निसर्गाकडून काय काय घेतो, त्याला काय परत करतो, कशाकशावर अवलंबून आहे, तुमच्या आवारात जिवंत असं काय आहे आणि त्याची तुम्ही काय काळजी घेता, हे सगळं लिहून पाठवायचं. चाळीस पानी फॉर्म, सगळा इंग्रजीत. मॅनेजर नवे, घाटावरचे, माणूस वाईट नाही पण सदान्‌कदा घाईत. त्यांनी दोन दिवस तो फॉर्म इकडून तिकडे ढकलला आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं म्हणून भावोजींना बोलावणं धाडलं. 'काका, तुम्हाला यादी करायची सवय आहे, एवढं करून द्या.' बस्स! आगीत तेलच ओतलं की हो त्यांनी! भावोजी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर. हातात नवं रजिस्टर, खांद्यावरच्या पिशवीत ऑइलपेंटचा डबा.

आधी झाडं झाली. आवारातल्या प्रत्येक काजूवर, प्रत्येक आंब्यावर, कुंपणाकडेच्या कुड्याच्या झुडपावरसुद्धा पांढरा नंबर. मग 'कारखाना कशावर अवलंबून आहे' ह्या रकान्याशी ते अडले. आंब्यावर, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण आंबा कशावर अवलंबून आहे? हे विचारायला हा माणूस सकाळची एसटी पकडून दापोलीला शेतीच्या प्राध्यापकांकडे गेला आणि संध्याकाळी परत आला तो चेहरा उजळून. 'वहिनी, मोहोरावर फळ धरतं ना, ते बरंचसं माश्यांमुळे! साध्या माश्या हो!' आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये नोंद, 'माश्या, मोजता न येण्याइतक्या, मोहोराच्या हंगामात बागायतदारांच्या कलमांवर कामाला, बिनपगारी.' आता खाद्यपदार्थाच्या कारखान्यात माशी म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमच्याकडे जागोजागी 'माशी दिसल्यास त्वरित कळवा' अशा पाट्या आहेत. क्वालिटीच्या बाई ते रजिस्टर वाचून अशा काही भडकल्या की त्यांचं डोक्यावरचं जाळीचं टोपडं घसरलं. 'काका, माझ्या पॅकिंग हॉलमध्ये एक माशी आली तर अख्खा लॉट जातो आणि तुम्ही त्यांना कामगार म्हणून दाखवताय?' भावोजी शांतपणे म्हणाले, 'बाई, त्यांची ड्यूटी बागेत आहे. हॉलमध्ये आली तर ती गैरहजर धरा.' शेवटी तडजोड झाली, नोंद राहिली आणि तिच्यापुढे 'इमारतीत प्रवेश नाही' असा शेरा पडला.

टिटव्यांनी त्यांना जास्त छळलं. सड्यावर टिटवीची एक जोडी असते, उघड्या कातळावर चार खडे मांडून त्यातच अंडी घालते. नोंद करायची तर प्रत्यक्ष पाहणी हवी, हा त्यांचा धर्म. भर दुपारी छत्री उघडून ते अंडी मोजायला गेले आणि त्या दोघींनी, म्हणजे नवरा-बायकोने, त्यांना असं काही धारेवर धरलं की कँटीनमधली माणसं जेवण सोडून बघायला बाहेर आली. भावोजी छत्री फिरवताहेत, टिटव्या झेपावताहेत आणि ओरडण्याचा नुसता कल्ला! घामाघूम होऊन आले, पाणी प्याले आणि लिहिलं, 'टिटवी, जोडी एक. अंडी चार. बंदोबस्त चोख.'

इथपर्यंत गंमतच गंमत होती. आता त्या डबक्याकडे येते.

कारखान्याच्या मागच्या अंगाला सड्यात एक मोठा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तो भरतो, भादव्यात त्याच्या काठाला निळ्या-जांभळ्या बारीक फुलांची गालिचा घातल्यासारखी दाटी होते, आणि पौषापर्यंत पाणी आटून जातं. आम्ही सगळे त्याला डबकं म्हणतो. भावोजींनी काठावरच्या दगडावर नंबर घातला, एकशेचौदा, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'जलाशय, नैसर्गिक, एक.' पण मग आला रकाना 'वापरणारा कोण?' आणि त्यांची गाडी रुतली. कारखाना ते पाणी वापरत नाही. गुरं क्वचित येतात. मग हे पाणी पौषापर्यंत जातं कुठे? उन्हाने एवढं आटत नाही असं त्यांचं म्हणणं. चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही, असं माझी जाऊ म्हणाली. मला तेव्हा त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. श्रावण चालू होता आणि मला माझे उपास होते.

एक दिवस सकाळी मी विहिरीवरून हंडा भरून आणला, फडक्याने पाणी गाळायला घेतलं आणि बघते तर फडक्यावर भाताचं तूस! थोडंथोडकं नाही, चांगलं चिमटी चिमटीभर. आमच्या वाडीला नळाचं पाणी आठवड्यातून दोनदा येतं, ते सुद्धा त्याच्या मर्जीने. बाकी सगळी भिस्त त्या विहिरीवर, ती उन्हाळ्यातसुद्धा कधी तळाला गेलेली मी पाहिली नाही. अशा पाण्यात तूस! तेवढ्यात खालच्या घरातल्या आक्का कंबरेवर हात ठेवून दारात. 'काय गो, बावीत तूस कुनी टाकला? मेल्यांना दुसरा धंदा नाय?' आमच्याकडे जुनी माणसं विहिरीला बाव म्हणतात. मी म्हटलं, आक्का, ज्याने कुणी टाकलं त्याचे हात मोडले पाहिजेत. माझा आवाज असा टिपेला गेलेला असताना भावोजी अंगणात शिरले. मी फडकं त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. त्यांनी चष्मा पुसला, फडक्यावरचं एक तूस बोटावर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि हा साठीचा माणूस माझ्या हंड्यासमोर चक्क मांडी घालून बसला. 'आलं,' म्हणाले. 'तीन दिवसांत आलं!'

तर झालं होतं असं, की ह्या महाशयांनी भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस नेऊन डबक्याच्या तळाशी जिथे पाणी गुळगुळ करत आत जाताना दिसतं तिथे सोडलं होतं. जांभ्याच्या पोटात भोकं असतात, बिळं असतात, त्यातून ते पाणी डोंगर उतरून आमच्या विहिरीत येतं की नाही हे त्यांना बघायचं होतं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्यायच्या पाण्यात पोतं ओतण्याआधी एका शब्दाने सांगता येत नव्हतं का, हा माझा मुद्दा, आणि तो आजही कायम आहे. त्यांचं म्हणणं, आधी सांगितलं असतं तर तुम्ही तूस शोधत बसला असता आणि साक्ष कच्ची झाली असती. आक्कांनी कपाळाला हात लावला. वाडीने पुढचे आठ दिवस पाणी दोनदा गाळलं आणि प्रत्येक घराने गाळताना भावोजींच्या नावाने बोटं मोडली. ते मात्र तरंगतच ऑफिसात गेले आणि रकाना भरून मोकळे झाले. काय भरलं ते मला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. रिपोर्ट तयार झाला, मालकांची शेवटच्या पानावर सही झाली, परदेशी रवाना झाला, आणि मीही सगळं विसरून गेले.

दिवाळी झाली. मॅनेजरांनी नवीन हंगामाची तयारी काढली. मागच्या मोसमात कंटेनर उभे करायला जागा नव्हती, रस्त्यावर रांग लागली होती, हे खरंच होतं. डिस्पॅचला असल्यामुळे त्या रांगेच्या शिव्या मीच खाल्ल्या होत्या. त्यांनी ठरवलं, मागचा खोलगट भाग भराव घालून सपाट करायचा आणि वर काँक्रीट ओतायचं. जेसीबी येऊन उभा राहिला. आणि मग परचेसच्या माणसाने मॅनेजरांच्या कानात सांगितलं की साहेब, त्याला नंबर आहे. मॅनेजर हसले म्हणे. पण नियम मालकांनी मंजूर केलेला होता, आणि मालकांच्या खुर्चीची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. 'एवढंच ना, फॉर्म भरा, सही घ्या.' परचेसच्या माणसाने भावोजींच्या रजिस्टरवरून फॉर्म उतरवला आणि तो घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

मी वाचलं. वस्तू: जलाशय, नैसर्गिक, एक. नंबर: एकशेचौदा. वापरणारा: आणि पुढे माझं नाव! माझं, माहेरच्या आडनावाला फाटा देऊन, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, आणि कंसात 'विहिरीमार्फत'. खाली ती ओळ, 'ही वस्तू मला यापुढे लागत नाही', आणि सहीसाठी टिंबटिंब. मॅनेजर केबिनमधून म्हणाले, 'मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, करून टाका. संध्याकाळी काम सुरू करायचंय.' मी म्हटलं, डोकं दुखतंय साहेब, उद्या करते. आणि तडक भावोजींच्या घरी गेले.

ते पडवीत बसून रद्दीचे गठ्ठे बांधत होते. मी चपला न काढताच सुरू झाले. 'माझं नाव घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आख्खी वाडी आहे, पंचायत आहे, तुमचं स्वतःचं नाव आहे! नोकरी माझी आहे भावोजी, तुम्ही रिटायर झालात!' खरं सांगते, रडू येत होतं. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडल्यापासून घर माझ्या नोकरीवर चालतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते गठ्ठा बाजूला ठेवून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. 'चुकलंच,' म्हणाले. 'तूस तुमच्या हंड्यात सापडलं म्हणून तुमचं नाव लिहिलं. पुराव्याला धरून लिहायची सवय. तुमच्यावर काय येईल हा विचार माझ्या डोक्यातच आला नाही वहिनी.' तीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्या माणसाला एखाद्या नोंदीबद्दल 'चुकलं' म्हणताना ऐकलं. मग म्हटलं, आता काय करू ते सांगा. तर हात जोडून म्हणाले, 'ते मी कसं सांगणार? कागदावर एवढंच विचारलंय की लागतं की नाही. नोकरी जपायला सही केलीत तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही.'

असा राग आला मला! मोठी माणसं अशा वेळी काहीतरी ठाम बोलतात, कर म्हणतात, नको करू म्हणतात, आणि हा माणूस प्रश्न पुन्हा माझ्याच ओटीत टाकून मोकळा. घरी आले, भांडी आपटली, हंडा घेऊन विहिरीवर गेले. आक्का पाणी शेंदत होत्या. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. माझा चेहरा बघून म्हणाल्या, 'दमलीस काय गो? दे तो हंडा, मी भरतंय.' आणि त्या पंच्याहत्तरीच्या बाईने मला माझा हंडा भरून दिला. मला तिथे उभं राहून कळेना की उद्या ह्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ.

सकाळी मी फॉर्म घेतला, 'ही वस्तू मला यापुढे लागत नाही' ह्यातलं शेवटचं 'नाही' खोडलं, 'लागत'च्या पुढे 'आहे' लिहिलं आणि सही ठोकली. अक्षर बघवत नाही इतकं वाईट आलं. मॅनेजरांनी ते वाचलं आणि त्यांचा पारा चढला. 'मॅडम, मग कंटेनर काय तुमच्या ओसरीवर उभे करू?' त्यांनी फॉर्म टेबलावर आपटला. 'हे मालकांकडे जाईल हां.' मी म्हटलं, जाऊ द्या. बाहेर येऊन बाथरूममध्ये दहा मिनिटं रडले. पुढचे आठ दिवस जीव टांगणीला लागला होता. नवरा म्हणायचा, होईल ते होईल, पण तोही रात्री कूस बदलत असायचा. जेसीबी तसाच उभा, त्याच्या दातांवर एक बगळा येऊन बसायचा, आणि भावोजी रोज सकाळी कुंपणाबाहेरून चक्कर मारून जायचे. आत यायचा त्यांना आता हक्क नव्हता.

शनिवारी मालक आले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, काठी टेकत चालतो, पण नजर धारदार. त्यांनी भावोजींना बोलावून घेतलं, मला बोलावलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन थेट डबक्यावर गेले. मॅनेजर हातात नकाशा आणि तो फॉर्म घेऊन मागे. मालकांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'तूस खरंच आलं होतं?' मी म्हटलं, 'हो साहेब. माझ्या हंड्यात. आणि मी ह्यांना खूप शिव्या घातल्या.' ते हसले. मग फॉर्मवर काठी ठेवून भावोजींना म्हणाले, 'हा रकाना कोरा कसा? बदली वस्तू मिळते काय, इथे रजिस्टरातही काही लिहिलं नाहीस.' भावोजींनी मान खाली घातली. 'साहेब, कपाटाला कपाट मिळतं, पिंपाला पिंप मिळतं. ह्याचा पुरवठादार मला सापडला नाही. रकाना कोरा ठेवणं चूक आहे, पण खोटं लिहिणं त्याहून चूक.' मालक मॅनेजरांकडे वळले. त्यांना एकाएकी निसर्गाचा कळवळा आला असं काही मी म्हणणार नाही. त्यांनी मॅनेजरांना एवढंच विचारलं, 'जो रिपोर्ट बाहेर गेला त्यात हे आहे?' आहे म्हणाले. 'आणि त्यावर माझी सही आहे?' आहे. 'मग मी सही केलेली वस्तू पुढच्या वर्षी नाही म्हणून कशी सांगू? कंटेनर जुन्या गेटच्या बाजूला घ्या. तिथला माझ्या गाडीचा पत्र्याचा शेड काढा.' मॅनेजर म्हणाले, शेडलाही नंबर आहे साहेब. 'त्याची सही मी करतो,' मालक म्हणाले आणि काठी टेकत चालू पडले.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच एका दगडावर मटकन बसले आणि मला इतकं हसू यायला लागलं की थांबेचना. दुपारी जेसीबी खडखडत उतारावरून निघून गेला तेव्हा वाडीतली सगळी दारात उभी होती. आक्कांनी विचारलं, 'तो यंत्र कशाक आला होता नि कशाक गेला?' मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि दुसऱ्या दिवशी भावोजींच्या घरी घावनांचा डबा पाठवला, ज्याची पोच अर्थातच लेखी आली. मॅनेजरही पुढे निवळले. जुन्या गेटकडून गाड्या लवकर बाहेर पडतात असं त्यांच्या लक्षात आलं, आणि आता ते मूळ कल्पना आपलीच होती असं सांगतात. सांगू देत बापडे.

फाल्गुनात भावोजी आणि माझी जाऊ पुण्याला मुलाकडे राहायला गेले. गुडघ्यांनी उतार चढवत नव्हता. तिकडे सोसायटीच्या लिफ्टलाही नंबर आहे, पार्किंगलाही आहे, त्यामुळे त्यांना करायला काही उरलं नाही, असं जाऊ सांगते. मग त्यांनी दर रविवारी अकराला मला फोन करायचं सुरू केलं. विहिरीला आत उतरायला दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. पाणी खाली गेलं की एकेक उघडी पडते. भावोजी विचारायचे, 'किती दिसतायत?' मी आकडा सांगायचा, तिकडे लिहिल्याचा आवाज यायचा, मग जेवलात काय, पोरं कशी आहेत, संपलं.

मे महिन्यात कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. एका रविवारीही मी कामावर होते. फोन आला तेव्हा एका हातात गेटपास आणि दुसऱ्या हातात ड्रायव्हरची भांडणं. मी न बघताच ठोकून दिलं, 'पाच.' त्यांनी लिहून घेतलं. दिवसभर ते मला कुसळासारखं टोचत राहिलं. संध्याकाळी घरी न जाता पर्स खांद्यावर तशीच घेऊन विहिरीवर गेले, वाकून मोजल्या. सहा होत्या. खाली पाणी होतं, भरपूर होतं, माझं वाकलेलं डोकं त्यात दिसत होतं. तिथूनच फोन लावला. म्हटलं, भावोजी, सकाळी चुकीचं सांगितलं, सहा आहेत, खोडून सहा करा. पलीकडे वहीची पानं फडफडली. मग म्हणाले, 'तुम्ही परत जाऊन बघितलंत वहिनी?' मी हो म्हटलं. 'स्वतःहून?' हो. त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग अगदी निवांत, खांद्यावरचं पोतं उतरवलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, 'मग आता मी विचारलं नाही तरी चालेल.'

ह्या माणसाच्या प्रश्नांनी मी तीस वर्षं कातावले होते. पण ते वाक्य ऐकलं आणि मी पुन्हा वाकून पायऱ्या मोजल्या. पुढच्या रविवारी मी सकाळी दहालाच विहिरीवर जाऊन आले आणि फोन ओट्यावर ठेवून मासे साफ करत बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. फोन वाजला नाही. मग मीच हात धुतले, पदराला पुसले आणि लावला.

'सहाच आहेत भावोजी,' मी म्हटलं. 'लिहून घ्या.'